दहापैकी नऊ

रामचंद्रला कुणी टकल्या म्हणावं, चिंगूस म्हणावं, म्हातारा म्हणावं, तो हसून सोडून देई. पण त्याच्या कानांबद्दल कुणी ब्र काढला की संपलं! बत्तीस वर्षं कंपनीत कॉम्प्रेसरवर काढलेला माणूस. स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "हे अजून महिनाभर चालेल, ते आजच बदला." साहेब लोक ऐकायचे. निवृत्तीच्या कार्यक्रमात मॅनेजर म्हणाले होते की आज कंपनीचे कान रिटायर होतायत. हे वाक्य त्यानं घरात इतक्या वेळा सांगितलं, की त्याची बायको नीरा ते भाकरी थापता थापता त्याच्याबरोबरीनं पुरं करायची.

निवृत्तीनंतर दोघं गावी आली. बोर्ली पंचतनपासून रिक्षानं पंधरा मिनिटांवर त्यांचं गाव, बुद्धवाडीत रस्त्याला लागून घर. पुढची खोली रामचंद्रनं गाण्यासाठी ठेवली. अॅम्प्लिफायर, कमरेएवढे दोन स्पीकर, आणि त्यांच्या बरोब्बर समोर एक खुर्ची. त्या खुर्चीत दुसरं कुणी बसायचं नाही. पाहुणा बसला तर रामचंद्र त्याला पाणी देण्याच्या निमित्तानं उठवायचा.

ऐकायचा तो बरंच काही, पण जीव होता एकाच रेकॉर्डिंगवर. गावच्या गायन पार्टीचं, एकोणनव्वद सालच्या जयंतीचं. मुळात कॅसेट, ती मुलीनं पनवेलहून पेन ड्राइव्हवर उतरवून आणलेली. त्यात खंजिरी वाजवणारा त्याचा थोरला भाऊ. तो जाऊन आता अकरा वर्षं झाली. आवाज धुरकट, मधेच कुणी खोकतंय, कुणी "जय भीम" ओरडतंय, पण खंजिरी मात्र अशी खणखणीत, की रामचंद्र डोळे मिटून मांडीवर बोटं आपटत बसायचा. नीरा तेव्हा पुढच्या खोलीत जायची नाही. तेवढी समज तिला होती.

आणि मग ती वायर आली.

मुंबईच्या एका दुकानदारानं त्याच्या गळ्यात मारलेली, असं नीराचं म्हणणं. अंगठ्याएवढी जाड, वर वेणीसारखी वीण, टोकांना सोनेरी पिना. अॅम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाणारी साधी वायर काढून रामचंद्रनं ती लावली, खुर्चीत बसला, भावाचं गाणं लावलं आणि ओरडलाच, "नीरा! अगं खंजिरीची चकती न् चकती वेगळी ऐकू येत्येय!"

पदराला हात पुसत नीरा आली, उभी राहिली, म्हणाली, "पहिल्यासारखंच वाटतंय मला."

"तुला काय कळतंय!"

त्याच्या बाजूचा होता तो एकटा बुधाजी. अठ्ठावीस वर्षांचा पाळीतला जोडीदार. एकाच मशीनवर दोघं, एकाच डब्यातलं जेवलेले. आता चार घरं सोडून राहायचा आणि रोज चार वाजता चहाला यायचा. त्यानं स्टुलावर बसून गाणं ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाला, "फरक हाय बा. साफ हाय." रामचंद्रला एवढं पुरेसं होतं. बुधाजी उभ्या जन्मात त्याच्याशी खोटं बोलला नव्हता, असं त्याला वाटत होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात लेक रश्मी आणि जावई सिद्धेश आले. सिद्धेश न्हावा शेव्याला एका कंटेनर डेपोत कामाला. पोरगा गुणी, पण जिभेला हाड नाही. वायर हातात घेऊन वजन केल्यासारखी वरखाली केली आणि हसला.

"मामा, तांबं ते तांबंच. एवढ्याशा खोलीत कसला फरक पडतोय? मनाचे खेळ सगळे."

झालं. रामचंद्रच्या नाकाचा शेंडा लाल झाला. "तुम्हाला ऐकू येत नसंल, जावईबापू. कंटेनर आपटून आपटून तुमचे कान गेलेत."

"मग टेस्ट करू या. तुम्हाला न दाखवता वायर बदलायची. ओळखलीत तर मी पाया पडतो."

"दहा वेळा बदल!" रामचंद्र म्हणाला. "शंभर वेळा बदल!"

रश्मी म्हणाली, "बाबा, जाऊ द्या ना." पण आता कोण जाऊ देतो? दोरी बांधून तिच्यावर पलंगावरची चादर टाकली. चादरीपलीकडं अॅम्प्लिफायर, दोन्ही वायरी, आणि कागद-पेन घेऊन बुधाजी. त्यानं आपल्या मनानं वायर लावायची, कुठली लावली ते कागदावर लिहायचं आणि "झालं" म्हणून हाक द्यायची. मग गाण्याचा तोच अर्ध्या मिनिटाचा तुकडा वाजवायचा. रामचंद्रनं खुर्चीत बसून सांगायचं, नवी की जुनी. ते शेजारी बसलेला सिद्धेश आपल्या कागदावर लिहिणार. शेवटी दोन्ही कागद ताडून बघायचे.

दीड तास चाललं. चादरीपलीकडून स्क्रूचा आवाज यायचा, "झालं" अशी हाक यायची, खंजिरी वाजायची. रामचंद्र कपाळाला आठ्या घालून ऐकायचा आणि मोठ्यानं सांगायचा, "नवी!" नाहीतर "जुनी! ह्यात काय ऐकायचं, जुनीच ती!" मधे नीरा चहा देऊन गेली. दहा झाले. सिद्धेशनं दोन्ही कागद शेजारी ठेवले, बोट फिरवत खाली आला, परत वर गेला. त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

"दहापैकी नऊ," तो म्हणाला. "सातवं फक्त चुकलं. मामा, मानलं तुम्हाला." आणि खरोखर वाकून पाया पडला.

तो दिवस रामचंद्रच्या आयुष्यातला! बुधाजीला त्यानं मिठी मारली, त्याच्या हातातला कागद काढून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी बोर्लीच्या बाजारात जाऊन दोन्ही कागद लॅमिनेट करून आणले. अॅम्प्लिफायरच्या वर भिंतीला लावले. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवू लागला. बघता बघता पंचक्रोशीत झालं, की वायरीचं विचारायचं तर रामभाऊंना विचारा. विहाराच्या कमिटीनं नवा साउंड घ्यायचं ठरवलं तेव्हा त्याच्याच शब्दावर वर्गणीतून तसल्या महागड्या वायरी आल्या. कमिटीचा सेक्रेटरी बुधाजी. त्यानं "घेऊ या" म्हणून पहिली सही केली.

इकडं घरात मात्र दुसरंच चाललं होतं. टीव्हीचा आवाज वाढत वाढत शेजारच्या ठमाबाईला मालिका फुकट ऐकू यायला लागली होती. कुकरच्या शिट्या रामचंद्रला कळायच्या नाहीत. नीरा पाठमोरी बोलली तर तो उत्तरच द्यायचा नाही, आणि वर चिडायचा, "तोंडातल्या तोंडात काय बोलत्येस? सगळेच हल्ली पुटपुटतायत!" रश्मीच्या लेकीचा, नातीचा फोन आला, की दोन मिनिटांत "हां हां, शहाणी ती" म्हणून नीराच्या हातात द्यायचा. सहा वर्षांच्या पोरीचा बारीक आवाज, त्याला नुसता गुणगुणाट वाटायचा. पोरगीही मग आजीलाच फोन द्या म्हणू लागली.

रश्मीनं चारदा सांगितलं, "बाबा, कान तपासून घ्या."

चारही वेळा रामचंद्रनं भिंतीकडं बोट केलं. "दहापैकी नऊ! तुझ्या नवऱ्याच्या अक्षरात हाय. आणखी कसला डॉक्टर पाहिजे?"

कागद तर खराच भिंतीला होता.

यंदाच्या वैशाखी पौर्णिमेला विहारात सकाळी नऊला कार्यक्रम. मंडप घातलेला, बायका पांढऱ्या साड्या नेसून पुढं, पुरुष कडेला. मिक्सरवर अर्थातच रामचंद्र. वाडीतल्या दिपेशची धाकटी रुचिता, चौथीतली पोर, वंदना म्हणायला उभी राहिली. गेला महिनाभर ती पाठ करत होती. तिनं सुरुवात केली, आणि रामचंद्रला आवाज मंद वाटला, गोधडीखालून आल्यासारखा. त्यानं ट्रेबलचं, म्हणजे बारीक आवाजाचं, बटण थोडं वाढवलं. मग आणखी वाढवलं.

समोरच्या बायकांनी एकदम कानांवर हात ठेवले. एक तान्हं मूल तोंड पसरून रडताना दिसलं. रामचंद्रला वाटलं, कुणाचं काय झालं? रांगेच्या त्या टोकाकडून बुधाजी दोन्ही हात हलवत होता. आवाज अजून वाढव म्हणतोय असं समजून रामचंद्रनं त्याला अंगठा दाखवला आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं.

रुचितानं माईक खाली टाकला आणि रडत आईकडं पळाली.

कमिटीतला तरुण पोरगा, रितेश, उड्या मारत आला आणि त्यानं प्लगच उपसला. "काका! शिटी वाजत्येय दोन मिनिटं! कानाचे पडदे फाटायची येळ आली लोकांच्या! ऐकू येत न्हाय काय? बहिरं हाय काय तुम्ही?"

एवढं मात्र रामचंद्रला नीट ऐकू आलं. कारण सगळा मंडप चिडीचूप झाला होता आणि रितेश तोंडासमोर उभा राहून ओरडत होता.

"कसली शिटी?" रामचंद्र म्हणाला.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. त्यानं नीराकडं पाहिलं. ती खाली सतरंजीकडं बघत होती. शरमेनं तिचं तोंड काळवंडलं होतं, पण तोंडावर आश्चर्य दिसत नव्हतं. बुधाजीच्या तोंडावरही नव्हतं. हे त्याच्या मनात राहिलं, आणि घरी जाईपर्यंत टोचत राहिलं.

तिसऱ्या दिवशी तो एकटाच माणगावला गेला. कानाच्या डॉक्टरीणबाई, तरुण, शांत. काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावला, आवाज आला की बटण दाबायचं. रामचंद्र बटण हातात धरून बसला. बराच वेळ काही आलंच नाही. त्याला वाटलं, मशीन बंद पडलंय.

बाहेर आल्यावर बाईंनी आलेख दाखवला. रेघ थोडी सरळ जायची आणि मग कड्यावरून पडावं तशी खाली. "जाड आवाज ठीक आहेत. बारीक आवाज जवळजवळ गेलेत. मोठ्या मशीनवर कामाला होता का? कानात बोळे घालायचात का?"

"बोळे घातले तर मशीन कसं ऐकणार?"

बाईंनी आलेख बाजूला ठेवला. रामचंद्रनं पिशवीतून दोन्ही लॅमिनेट केलेले कागद काढून टेबलावर ठेवले. होय, घेऊन गेला होता! "मग हे कसं? दोन वर्षांपूर्वीचं हाय. दहापैकी नऊ. खंजिरीच्या आवाजावरून ओळखलं मी."

बाईंनी दोन्ही कागद वाचले. हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

"काका, असं नुकसान दोन वर्षांत होत नाही. पंधरा-वीस वर्षांचं आहे. खंजिरीचा आवाज ज्या पट्टीत असतो, तिथं तुम्हाला तेव्हाही ऐकू येत नसणार. ते गाणं तुम्हाला पाठ आहे ना? मग खंजिरी तुम्हाला ऐकू येत नाही, आठवते." मग बुधाजीच्या कागदावर बोट ठेवून विचारलं, "वायर कोण बदलत होतं?"

"माझा दोस्त."

"तुमचं उत्तर त्यांना ऐकू येत होतं?"

चादरीपलीकडं सहज जाईल एवढ्या मोठ्यानं आपण सांगत होतो, हे रामचंद्रला आठवलं. बाईंनी विषय वाढवला नाही. मशीन लावावं लागेल, दोन्ही कानांना, एवढं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी आला असतात तर सोपं गेलं असतं, असंही म्हणाल्या. इतके दिवस शब्द नीट ऐकले नाहीत, की ते ओळखायची मेंदूची सवय मोडते. आता मशीन आवाज देईल, पण शब्द किती सुटे होतील, सांगता येत नाही.

एसटीत तो खिडकीशी बसला. म्हसळ्यापर्यंत त्याचं डोकं नुसतं तापलेलं होतं. दोन वर्षं! नातीनं काय काय सांगितलं असेल त्या दोन वर्षांत? आणि आपण काय म्हणालो? हां हां, शहाणी ती.

घरी न जाता तो थेट बुधाजीच्या ओट्यावर गेला. बुधाजी सुपारी कातरत होता.

"बुध्या, खरं सांग. वायर बदलत होतास काय?"

बुधाजीनं अडकित्ता खाली ठेवला. काय विचारतोय हे त्याला लगेच कळलं, आणि तेच रामचंद्रला झोंबलं. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, पण माणूस जणू रोज तिचीच वाट बघत बसलेला.

"पयल्या दोन बारीला बदलली," बुधाजी म्हणाला.

"मग?"

"दोन्ही बारीला तू उलटं सांगितलंस. जावई समोर. म्हटलं, ह्याची आता शोभा हुणार. मग स्टुलावर बसलो. मधी मधी स्क्रू फिरवायचा नुसता. तू बोलायचास, मी लिहायचो. पयले दोन पण दुसऱ्या कागदावर नीट केले."

"आणि सातवं?"

"दहापैकी दहा कोण मानंल? एक मुद्दाम चुकवला. लॉगशीटला करायचो ना आपण, तसंच."

लॉगशीट! कंपनीत दर तासाला मशीनच्या सगळ्या काट्यांचं रीडिंग घेऊन तक्त्यात भरायचं असे. दोघांपैकी एक दमला, एखाद्याच्या घरी आजारपण असलं, डोळा लागला, की दुसरा खुर्चीत बसून मनानंच आकडे भरायचा. सगळे सारखे भरले तर साहेबाला संशय येतो, म्हणून मधेच एक आकडा थोडा कमी, एक थोडा जास्त. बुधाजीचा हात त्यात बसलेला होता. जोडीदाराला सांभाळायचं म्हणजे त्याचं रीडिंग भरायचं, हीच त्यांची दोस्ती. रामचंद्रनं स्वतः किती वेळा त्याला म्हटलं असेल, भर तू, मी जरा पडतो.

"अरे पण ते मशीन होतं रे, बुध्या! इथं माझे कान होते!"

"तुझ्यासाठीच केलं ना."

"माझ्यासाठी? मग दुसऱ्या दिवशी का न्हाय सांगितलंस?"

"सांगणार होतो," बुधाजी कळवळून म्हणाला. "आईशप्पथ, सकाळी येणारच होतो. तर तू कागद लॅमिनेट करून आणलास."

"आणि कमिटीच्या वायरी? सही केलीस तू! लोकांची वर्गणी हाय ती!"

बुधाजीनं अडकित्ता उचलला आणि परत खाली ठेवला.

"तुला तरी फरक ऐकू आला होता काय रे त्या वायरीत? एकदा तरी?"

"न्हाय," बुधाजी म्हणाला. "पयल्या दिवसापास्नं न्हाय. तू एवढा खूश होतास, मी म्हटलं हाय." आणि मग, बोलू नये ते बोलून गेला, "वैनीनं पण बघितलं हुतं. च्या द्यायला आली ना, मी नुसता बसलेला दिसलो. मी तोंडावर बोट ठेवलं. ती काय बोलली न्हाय."

रामचंद्र उठला. बुधाजी मागून काहीतरी म्हणत राहिला, ते त्याला ऐकू आलं नाही, आणि त्यानं वळून विचारलंही नाही.

नीरा अंगणात कोलंबीचे सोडे वाळत घालत होती. त्यानं विचारल्यावर तिनं आढेवेढे घेतले नाहीत.

"व्हय. म्हाईत होतं मला."

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं घसा फोडून बोलत्येय मी तुमच्याशी! माझा घसा बसला, तो दिसला नाही तुम्हाला? सांगितलं असतं तर पटलं असतं? वायर आली त्या दिवशी सांगितलं होतं ना, पहिल्यासारखंच वाटतंय म्हणून? काय म्हणालात? तुला काय कळतंय!"

रामचंद्र ओट्यावर बसला. मघाच्या रागाचं आता नुसतं ओझं झालं होतं.

"मी तसं बोललो, ते चुकलं माझं," तो म्हणाला. "पण रश्मी डॉक्टरकडं जा म्हणायची, तेव्हा तू तिथंच उभी असायचीस, नीरा. मी भिंतीकडं बोट करायचो. एकदा तरी म्हणायचं होतंस, की तो कागद खोटा हाय. मी तुझ्यावर ओरडलो असतो, दोन दिवस जेवलो नसतो, पण गेलो असतो. नातीचं बोलणं तरी ऐकलं असतं."

नीराच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमचं तोंड पडलेलं बघवत नाही हो मला," ती म्हणाली. आणि त्याच्याजवळ बसून तिनं शपथ घेतली, नातीची, की ह्यापुढं खोटं बोलणार नाही. कडू असलं तरी खरंच सांगेन. संध्याकाळी बुधाजी आला, दारातच हात जोडून उभा राहिला. त्यानंही तेच कबूल केलं. रामचंद्रनं त्याला आत घेतलं. बासष्टाव्या वर्षी माणूस दुसरा दोस्त कुठून आणणार? कमिटीसमोर जाऊन रामचंद्रनं स्वतःच सांगितलं, की वायरींचं माझं चुकलं, त्या परत करा, साध्या चालतात. रुचिताच्या घरी जाऊन पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून आला. भिंतीवरचे खिळे तेवढे राहिले.

दोन आठवड्यांनी मशीन मिळाली. शेंगदाण्याएवढी, दोन. डॉक्टरीणबाईंनी बसवून दिली, आणि दवाखान्याच्या बाहेर पाऊल टाकताच रामचंद्र दचकला. रिक्षा, पत्रे, पायाखालची खडी, सगळंच किरकिरायला लागलं होतं. बाईंनी सांगितलंच होतं, महिनाभर त्रास होईल, पण काढू नका.

घरी येऊन तो खुर्चीत बसला, साध्या वायरीवर भावाचं गाणं लावलं. खंजिरी आली. पण ही त्याच्या ओळखीची नव्हती. पातळ, पत्र्यासारखी, मधूनमधून चुकणारी. भाऊ चुकायचा! दुसऱ्या कडव्यात तर पूर्ण एक ठेका चुकलेला. इतक्या वर्षांत त्याला हे कधी कळलंच नव्हतं. त्याला रडू आलं आणि हसूही आलं. जसा होता तसा भाऊ पुन्हा ऐकू आला होता.

नीरा दारात आली. "येत्येय का हो खंजिरी?" तिनं सवयीनं ओरडूनच विचारलं. त्याच्या कानात सणक गेली.

"येत्येय! अगं, अगदी सुटी सुटी येत्येय."

"वा! बरं झालं बाई!" ती हसली, टाळीसुद्धा वाजवली आणि आत गेली.

रामचंद्रनं गाणं बंद केलं आणि डोळे मिटून बसला. आत फोन वाजला. रश्मीचा असणार, ह्या वेळेला तिचाच असतो. नीरा बोलायला लागली, ओरडून नाही, तर तिच्या नेहमीच्या साध्या, मऊ आवाजात, जो तिनं दोन वर्षांत त्याच्यासाठी कधी वापरला नव्हता. दोन खोल्यांपलीकडून, पाठमोरी असताना, त्याला शब्द न् शब्द ऐकू येत होता. केवढा आनंद झाला त्याला! नीरा किती छान बोलते, हे तो विसरूनच गेला होता.

"अगं लावलंय ना मशीन," नीरा सांगत होती. "मघाशी विचारलं, खंजिरी येते का, तर म्हणाले येते. कुठली येत्येय गं! बाई काय म्हणाल्या होत्या, माहीत आहे ना? एवढ्यात काही होत नाही. पण आता परत तोंड पाडून बसायला नको, म्हणून मी आपलं म्हटलं वा! तू पण हो म्हण, काय? बुधाभावजींना सांगून ठेवलंय मी. ते म्हणाले, वैनी, त्याची काळजी नको, मी बघतो."

रामचंद्रनं डोळे उघडले.

नीरा फोन घेऊन दारापर्यंत आली. तो आपल्याकडं बघतोय असं पाहून हसली, आणि हात तोंडाशी धरून मोठ्यानं ओरडली, "रश्मी विचारत्येय! कसं वाटतंय म्हणून!"

तिच्या तोंडावर तेच हसू होतं. लबाडी नव्हती त्यात, मायाच होती. काय म्हणावं ह्या बाईला? शपथ घेऊन पंधरा दिवस झाले नव्हते.

"सांग तिला," तो हळूच म्हणाला, "सगळं स्पष्ट ऐकू येतंय."

नीरानं मान डोलावली, वळली, आणि फोनमध्ये आवाज खाली आणून म्हणाली, "बघ. म्हटलं नव्हतं?"

तेही त्याला ऐकू आलं.